वेरा पेत्रोव्हनांचे हजार मीटर

वेरा पेत्रोव्हनांच्या स्वयंपाकघरात घड्याळ नव्हतं. त्यांच्या बेसमेंटमध्ये राहायला आल्यावर पहिल्या सकाळी मी जिना चढून वर गेले, तेव्हा त्या स्टोव्हसमोर हात मागे बांधून उभ्या होत्या. पातेल्यात दोन अंडी उकळत होती. मी "गुड मॉर्निंग" म्हणायला तोंड उघडलं, तर त्यांनी मागे न बघता एक बोट वर केलं. मी गप्प बसले. थोड्या वेळाने बोट खाली आलं, अंडी गार पाण्यात गेली, आणि मग त्या वळून माझ्याकडे बघून हसल्या.

"चार मिनिटं दहा सेकंद," त्या म्हणाल्या. "तुझ्याशी बोलले असते तर चार वीस झाली असती."

मला ते खरं वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी मी मोबाइल पाठीमागे धरून वेळ लावली. चार मिनिटं दहा. तिसऱ्या दिवशी चार मिनिटं नऊ. मी भीतभीत तसं सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "बटण तू उशिरा दाबलंस." मी उशिराच दाबलं होतं.

त्यांचं इंग्रजी रशियन वळणाचं होतं आणि माझं इचलकरंजीच्या वळणाचं. आमचं बोलणं मी इथे मराठीत लिहिते आहे. त्यात थोडं इकडचं तिकडे झालं असेल, पण त्यांची वाक्यं अशीच आखूड होती.

मी सस्काटूनला विद्यापीठात शिकायला आले तेव्हा आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच होते. वडील यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर आहेत, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारे. आई त्याच कारखान्यात मागाला लागणाऱ्या सुताच्या कांड्या भरायची. त्यामुळे इथे काय विचारायचं आणि कोणाला, हेच मला कळत नसे. पहिलं सेमिस्टर संपल्यावर खोली शोधायची वेळ आली, तेव्हा मराठी मंडळाच्या गणपतीत ओळख झालेल्या सबनीस काकूंचा फोन आला. काका पन्नास वर्षांपूर्वी इथे शिकवायला आले, तेव्हापासून काकू इथे आहेत.

"अगं कोमल, माझ्या ओळखीची एक रशियन लेडी आहे, रिव्हरजवळ. बेसमेंट एकदम क्लीन, सेपरेट वॉशरूम. तू आजच्या आज कॉल कर. फक्त बाई जरा मिलिटरी आहे हं. शूज एका लाइनीत ठेवायचे. पण मनाने सोनं."

त्या मिलिटरी बाईंनी मला दारातच उभं करून नाव विचारलं.

"कोमल."

"वडिलांचं?"

कॅनडात आल्यापासून ते मी कुठे सांगत नसे. पहिल्याच आठवड्यात वर्गात हजेरी घेताना सर त्या नावावर अडखळले होते आणि मागून कोणीतरी हसलं होतं. तेव्हापासून फॉर्मवरही मी मधली जागा रिकामी ठेवत होते.

"पांडुरंग," मी म्हणाले.

त्यांनी ते दोनदा हळू उच्चारून बघितलं. "मग तू कोमल पांडुरंगोव्हना. माझा बाप प्योत्र, म्हणून मी वेरा पेत्रोव्हना. बापाचं नाव गाळून हाक मारतात ती लहान पोराला, नाहीतर कुत्र्याला. तू दोन्ही नाहीस. बूट तिथे."

त्या दिवसापासून त्या मला पुऱ्या नावाने हाक मारायच्या. "कोमल पांडुरंगोव्हना, सूप." "कोमल पांडुरंगोव्हना, तुझ्या खोलीतला दिवा." मी हे वडिलांना फोनवर सांगितलं तेव्हा ते कारखान्यातच होते, मागे मागांचा खडखडाट चालू होता. ते बराच वेळ हसले.

"म्हंजे माझं नाव रशियाला गेलं म्हण की. काय करत्यात त्या बाई?"

"पूर्वी पळायच्या. तिकडच्या देशाच्या संघात होत्या. त्यांचे मिस्टर इथे पोटॅशच्या खाणीत इंजिनिअर होते, ते गेले."

"आपण उसाला घालतो ते पोटॅश?"

"तेच."

"आन आता बाई काय करत्यात?"

"आताही पळतात."

"वय?"

"पंचाहत्तर."

"कुणाच्या मागं लागल्यात म्हणायच्या?" त्यांनी विचारलं. त्या वेळी मला उत्तर माहीत नव्हतं.

रोज सकाळी सात वाजता त्या लाल जॅकेट घालून बाहेर पडायच्या. घरापासून जवळच नदीवरचा पूल आहे. त्या पुलाखालून नदीकाठाने जी वाट जाते, तिच्यावर त्यांचं धावणं. थंडी उणे वीसच्या खाली गेली की विद्यापीठाच्या बंदिस्त ट्रॅकवर. मी पहिल्या उन्हाळ्यात काही दिवस त्यांच्याबरोबर गेले. मला धावता येत नाही, मी सायकलवर. त्यांचं धावणं कसं होतं ते मला नीट सांगता येईल की नाही, शंका आहे. गुडघा दुखायचा, पावलं लहान झाली होती, पण कमरेच्या वर काही हलत नसे. डोक्यावर भरलेली कळशी असावी आणि तिच्यातला थेंब सांडू द्यायचा नसावा, तसं. पहिलं पाऊल आणि शेवटचं पाऊल यांत काही फरक नाही. माझी सायकल मात्र कधी पुढे जायची, कधी मागे.

"तू दमवतेस मला," त्या म्हणायच्या. "एक वेग धर."

पुलापासून ठरावीक अंतरावर एक बाक आहे. तिथे पोचल्यावर त्या हळू होत नसत. बसमधून उतरावं तसं डाव्या बाजूला गवतावर एक पाऊल टाकायच्या, बाकावर बसायच्या आणि बुटांच्या नाड्या सैल करायच्या. रोज तेच पाऊल, तोच बाक. बंदिस्त ट्रॅकवरही तसंच. पाच फेऱ्या, आणि त्याच जागी आत. एकदा मी विचारलं, "अजून दम आहे ना तुम्हाला? मग का थांबता?"

"इथे माझं काम संपतं," त्या म्हणाल्या. मला वाटलं, वयाचं काहीतरी असेल. पुढे विचारायचं धाडस झालं नाही.

त्यांच्या जेवणाच्या टेबलाच्या वर भिंतीला एक चौकट होती. आत वर्तमानपत्राचं पिवळं पडलेलं कात्रण. एक उंच बाई छातीने फीत तोडते आहे, हात वर, तोंड उघडं. मला वाटलं त्याच वेरा पेत्रोव्हना.

"ती तमारा," त्या म्हणाल्या. मग चौकटीच्या कोपऱ्यावर नख ठेवलं. तिथे मैदानातल्या गवतावर एक मुलगी खाली वाकून बुटाच्या नाड्या सोडत होती. चेहरा दिसत नव्हता. "ही मी."

"तुम्ही या शर्यतीत नव्हतात?"

"होते. सगळ्यांच्या पुढे होते. हजार मीटरपर्यंत."

मग त्यांनी बटाटे सोलता सोलता समजावून सांगितलं. पंधराशे मीटरच्या शर्यतीत सुरुवातीला पुढे राहायला कोणी तयार नसतं, कारण पुढच्याला वारा लागतो आणि मागच्याला आडोसा मिळतो. सगळ्या एकमेकींची वाट बघतात आणि शर्यत मंदावते. म्हणून प्रशिक्षक आपल्याच एका मुलीला पुढे घालतात. तिने अगदी एकसारख्या वेगाने धावायचं आणि मागची, जिच्यासाठी हे चाललंय, तिला ओढत न्यायचं. तिथे त्या मुलीला ससा म्हणत. चारशे मीटरची फेरी सहासष्ट सेकंदांत. पासष्ट नाही, सदुसष्ट नाही. हजार मीटर झाले, दोन मिनिटं पंचेचाळीस, की डावीकडे गवतावर. वेरा पेत्रोव्हना आपल्या गावच्या क्लबात आठशे मीटर धावायच्या. त्यांचा वेग घड्याळासारखा आहे असं कोणाच्या तरी लक्षात आलं आणि त्या राष्ट्रीय संघात गेल्या. सहा वर्षं होत्या. छापलेल्या निकालात त्यांच्या नावापुढे वेळ नसे, एक आडवी रेघ असे.

"आमच्या गोष्टीत ससा झोपतो म्हणून हरतो," मी म्हणाले.

"आमच्याही. ती गोष्ट कासवाने लिहिलेली आहे."

"तुम्हाला वाईट नाही वाटायचं?"

त्यांनी बटाटा पाण्यात टाकला. "कोणीतरी पुढे राहावं लागतं. आणि तमारा चांगली होती. मरेपर्यंत पत्रं लिहिली तिने. लिहायची, वेरा, नवऱ्याचा चेहरा मी विसरेन, पण तुझ्या मानेवरचा तीळ विसरणार नाही. सहा वर्षं तोच बघत होते."

माझ्या वर्गातला एक मुलगा म्हणाला होता की त्या काळचे तिकडचे सगळे खेळाडू औषधं घेऊनच पळायचे. हे विचारावं की नाही असं बरेच दिवस मनात होतं. शेवटी विचारलं. त्या रागावल्या नाहीत. "चमच्यात गोळी यायची. विटामिन म्हणत. आम्ही विचारत नव्हतो. विचारायला हवं होतं." मग थोडं थांबून म्हणाल्या, "सशांना कमी मिळायची. वाया जाईल म्हणून."

माझं स्वतःचं इथे फार सांगायचं नाही, पण एक सांगितल्याशिवाय त्या कशा होत्या ते कळणार नाही. संख्याशास्त्राच्या पहिल्या परीक्षेत मी नापास झाले. घरी सांगितलं नाही. जिन्यात बसले होते, तिथे त्यांनी गाठलं.

"प्रश्न किती होते?"

"सहा."

"वेळ?"

"दीड तास."

"पहिल्याला किती दिलास?"

"पाऊण तास. तो सुटत नव्हता."

त्यांनी डोळे मिटले. त्यांना खरंच कुठेतरी दुखलं असावं असा चेहरा झाला. "कोमल पांडुरंगोव्हना, तू अभ्यासात कच्ची नाहीस. तू पहिल्या फेरीतच मेलीस."

पुढचे तीन आठवडे रोज जेवणानंतर मी टेबलावर जुने पेपर सोडवायचे आणि त्या समोर बसून भाजी निवडायच्या, मोजे रफू करायच्या. दर पंधरा मिनिटांनी चमचा टेबलावर एकदा वाजायचा. वाजला की पान उलटायचं.

"अहो, आता येतंय उत्तर मला."

"येऊ दे. पुढची फेरी."

"एकच ओळ राहिली."

"तमारापण असंच म्हणायची." चमचा पुन्हा वाजायचा, या वेळी जोरात.

घड्याळ नव्हतंच. तरी पंधरा म्हणजे पंधरा. परीक्षेच्या हॉलमध्ये मला तो चमचा डोक्यात ऐकू येत होता. सहाही प्रश्न लिहून झाले. पास झाल्याचं वडिलांना कळवलं तेव्हा नापास झाल्याचंही सांगून टाकलं. वडील म्हणाले, "मागाचा आवाज ऐकून मला कळतंय कुठं बिघाड हाय ते. तसलंच कान दिसत्यात बाईंचं."

दाराशी चार खुंट्या होत्या. पहिलीवर त्यांचं जॅकेट, दुसरीवर माझं, चौथीवर छत्री. तिसरीवर एक करड्या कापडाची, पुढे छोटा छज्जा असलेली पुरुषी टोपी. ती कोणी घालत नसे. मला वाटायचं मिस्टरांची असेल. डिसेंबरात एका सकाळी खूप बर्फ पडला. फुटपाथ शोव्हल करायला निघाले तर माझी लोकरीची टोपी ओली होती, म्हणून मी ती करडी घेतली.

"ती नाही."

त्यांचा आवाज चढलेला मी तेवढा एकदाच ऐकला. मग त्या जवळ आल्या, टोपी माझ्या हातातून घेऊन परत खुंटीवर अडकवली, आणि आपली लाल टोपी माझ्या कानांपर्यंत ओढून दिली. मग फावडं घेऊन माझ्याबरोबर बाहेर आल्या. दोघींनी आमच्यासमोरचा आणि शेजाऱ्यांसमोरचा बर्फ काढला. मी पहिल्या दहा मिनिटांतच धापा टाकत होते, त्या शेवटपर्यंत एकसारख्या.

फेब्रुवारीत ट्रॅकच्या काउंटरवर एक कागद लागला. वयस्कर धावपटूंच्या स्पर्धा, इथेच, महिन्याभराने. वेरा पेत्रोव्हनांनी चष्मा लावून तो पूर्ण वाचला आणि पंधराशे मीटरला नाव दिलं. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "या अंतराची तुमची आधीची वेळ?"

"नाही."

"अंदाजे चालेल. कधीची पण."

"पंधराशे मी कधी पुरी केलेली नाही," त्या म्हणाल्या.

मुलीने माझ्याकडे बघितलं. मी पण वेरा पेत्रोव्हनांकडे बघत होते.

घरी आल्यावर मी म्हणाले, तुमचा गुडघा, तुमचं वय, डॉक्टरांना विचारलंत का. त्यांनी हो म्हटलं, सूप गरम केलं, आणि जेवण झाल्यावर खुंटीवरची टोपी आणून आमच्या दोघींच्या मध्ये टेबलावर ठेवली.

"ही ल्येव इवानोविचची. माझे प्रशिक्षक. ते गेल्यावर त्यांच्या मुलीने पाठवली."

ल्येव इवानोविच मैदानात हजार मीटरच्या खुणेपाशी उभे राहायचे. ओरडून सांगितलेलं गर्दीत ऐकू येत नाही, म्हणून त्यांची खूण ठरलेली होती. ससा जवळ आला की ते टोपी काढायचे. टोपी निघाली की बाहेर पडायचं. सहा वर्षं सरावात आणि शर्यतीत, दिवसातून कितीतरी वेळा, टोपी निघाली आणि वेरा पेत्रोव्हना बाहेर पडल्या.

मग परदेशातली एक मोठी शर्यत आली. त्या दिवशी सकाळी तमाराला ताप होता. ल्येव इवानोविच वेरा पेत्रोव्हनांच्या खोलीवर आले आणि म्हणाले, "आज मी टोपी काढणार नाही. तमारा मागे पडली तर तू थांबू नकोस. धाव. शेवटपर्यंत."

"मी रात्रभर, म्हणजे दिवसभर, तेच ऐकत होते," त्या म्हणाल्या. त्यांनाही वेळेचा घोळ करताना मी पहिल्यांदाच ऐकलं. "शेवटपर्यंत. शर्यत सुरू झाली. फार उकाडा होता. सहासष्ट. सहासष्ट. तमारा मागे पडली. बाकीच्यांना वाटलं, ससा आहे, जाईल बाहेर, कशाला मागे धावायचं. मी बारा मीटर पुढे होते. पाय हलके होते. असे कधीच नव्हते. आणि हजार मीटरला ल्येव इवानोविचनी टोपी काढली."

"का?"

"घाम पुसायला."

त्यांनी टोपी माझ्याकडे वळवली.

"मी गवतावर होते. नाड्या सोडत होते. मग मला कळलं की मी गवतावर आहे. मी ठरवलं नव्हतं. पायांनी केलं. ते धावत आले, वेरा, बाहेर का आलीस? मी म्हटलं, टोपी. त्यांनी हातातल्या टोपीकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यासारखा चेहरा मी पुन्हा बघितला नाही."

पुढच्या वर्षी त्यांना संघात घेतलं नाही. त्या एका शाळेत खेळ शिकवायला लागल्या, लग्न झालं, मग हा देश. ल्येव इवानोविच आणि त्या त्यानंतर अनेकदा भेटले, पण त्या दिवसाबद्दल दोघंही बोलले नाहीत.

"मला राग नाही," त्या म्हणाल्या. "त्यांची सवय होती, माझी पण सवय होती. पण मी रोज सकाळी जाते आणि म्हणते, आज पुढे. आणि पाय बाहेर जातात. इतकी वर्षं. मला एकदा बघायचंय की माझे पाय माझे आहेत की त्या टोपीचे."

तेव्हा मला हजार मीटरवरचा तो बाक कळला.

"तू ही घालून तिथे उभी राहा," त्या म्हणाल्या. "हजार मीटरला. बाकी काही करायचं नाही. ओरडायचं नाही. फक्त टोपी काढायची नाही. काहीही झालं तरी."

स्पर्धेच्या दिवशी बाहेर उणे अठरा आणि आत हीटर चालू. मी लांब बाह्यांच्या स्वेटरवर आले होते. टोपी मला मोठी, कानांवर टेकलेली. वेरा पेत्रोव्हनांनी ती माझ्या डोक्यावर सरळ केली, दोन पावलं मागे जाऊन बघितली, आणि आरंभरेषेकडे गेल्या. दोनशे मीटरचा ट्रॅक, साडेसात फेऱ्या. बायका आणि पुरुष मिळून आठ जण. सत्तरी पार केलेल्या बायकांत त्या एकट्याच, म्हणजे आपल्या गटात पहिल्याही त्याच आणि शेवटच्याही त्याच. हजार मीटरची खूण आरंभाच्या रेषेवरच येत होती, तिथे ट्रॅकच्या आत मी उभी राहिले.

पहिल्या फेरीला त्या समोरून गेल्या तेव्हा माझ्या मोबाइलवर चौसष्ट सेकंद झाले होते. माझ्याकडे बघितलं नाही. दुसरी फेरी चौसष्ट. कळशी डोक्यावर तशीच. तिसरी चौसष्ट. माझ्या कपाळावरून घाम वाहायला लागला होता. तेवढ्यात सबनीस काकू थर्मास घेऊन माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"अगं, किती स्वेट होतेयस. ती टोपी काढ ना."

"नको काकू."

"नको काय? चेहरा बघ, लालेलाल. फेंट होशील इथे." आणि त्यांनी प्रेमाने टोपीच्या छज्ज्याला हात घातला.

मी त्यांचं मनगट धरलं. वडीलधाऱ्या बाईचा हात मी आयुष्यात असा कधी धरला नव्हता. "काकू, प्लीज. हात लावू नका."

काकूंनी हात मागे घेतला. त्यांना लागलं होतं, पण समजावायला वेळ नव्हता. चौथी फेरी चौसष्ट. घाम आता डोळ्यांत उतरला, दोन्ही डोळे चुरचुरायला लागले आणि समोरचं अंधुक झालं. पाचवी फेरी निम्मी झाली होती. लाल बनियन वळणावरून येताना दिसलं आणि नेमका तेव्हाच माझा उजवा हात वर गेला. मी नेला नव्हता. तो आपोआप कपाळाकडे गेला, बोटं छज्ज्याला लागली, आणि मला ल्येव इवानोविच कळले. न भेटलेला तो माणूस मला एका क्षणात पूर्ण कळला. मी हात तिथेच ठेवला आणि टोपी डोक्यावर घट्ट दाबून धरली. मग दुसराही हात वर घेतला.

वेरा पेत्रोव्हना माझ्यापासून पाच पावलांवर होत्या. त्यांचं अंग डावीकडे झुकलं. डावं पाऊल आतल्या रेषेवर पडलं, मी ते बघितलं. त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. दोन हातांनी टोपी धरून उभी असलेली, घामाने आणि कशाकशाने भिजलेली मी त्यांना कशी दिसले असेन, कोण जाणे. पुढचं पाऊल रेषेच्या उजवीकडे पडलं. त्याच्या पुढचंही.

त्या पुढे गेल्या.

त्यानंतर जे झालं तसं धावणं मी त्यांचं कधी बघितलं नव्हतं. सहावी फेरी छप्पन्न सेकंदांत. हात इकडे तिकडे, डोकं हलतंय, एका सत्तर वर्षांच्या गृहस्थाला त्यांनी वळणावर मागे टाकलं. मग सातव्या फेरीत श्वास संपला. त्या जवळजवळ चालत होत्या, खांदे कानांना लागलेले, त्याच गृहस्थांनी त्यांना पुन्हा गाठलं. काकू म्हणाल्या, "अगं, काय होतंय हिला? थांबवा कोणीतरी." पण मला कळत होतं. पहिले हजार मीटर कसे धावायचे हे त्यांच्याइतकं कोणालाच येत नसेल. शेवटचे पाचशे त्या आयुष्यात पहिल्यांदा धावत होत्या. लहान मूल धावतं तशा त्या धावत होत्या.

रेषा पार केल्यावरही त्या थांबल्या नाहीत. स्पर्धेचा एक माणूस हात पसरून समोर आला तेव्हा थांबल्या. मी धावत गेले. त्या जमिनीवर बसल्या होत्या, नाड्या न सोडता.

"संपली?"

"संपली, वेरा पेत्रोव्हना."

"किती?" त्यांनी विचारलं. "किती झाले?"

त्यांनी मला कधी वेळ विचारली नव्हती. मी फलकाकडे बघितलं. "आठ मिनिटं चौदा सेकंद."

त्यांनी ते मनाशी मोजलं. मग मान हलवली. "फार वाईट. पहिला भाग ठीक. शेवटचा भाग मला येतच नाही." थोड्या वेळाने म्हणाल्या, "शिकावा लागेल." आणि मग माझ्याकडे बघून, "कोमल पांडुरंगोव्हना, आता काढ ती टोपी. काय दिसतेस."

काकूंना मी घरी जाताना सगळं सांगितलं. त्यांनी गाडी बाजूला घेतली. "मी काढलीच असती गं," एवढंच म्हणाल्या.

निकालाचा कागद वेरा पेत्रोव्हनांनी चौकटीत लावला नाही. फ्रिजवर चिकटवला, दुधाच्या यादीशेजारी. टोपी परत तिसऱ्या खुंटीवर गेली. पण एप्रिलमध्ये गारा पडत असताना त्या स्वतःच ती घालून कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला गेल्या, हे मी बघितलं.

जूनमध्ये माझी पदवी झाली आणि व्हँकुव्हरला नोकरी लागली. पदवीच्या फॉर्मवर मी या वेळी मधली जागा भरली होती. समारंभात नाव वाचणारे गृहस्थ 'पांडुरंग'वर अडखळले, तेव्हा प्रेक्षकांतून एका रशियन आवाजाने ते नीट म्हणून दाखवलं. सगळा हॉल हसला. मीही हसले.

निघायच्या दिवशी मला वाटलं होतं, त्या दारात उभ्या राहतील. पण सात वाजता त्यांनी लाल जॅकेट घातलं. "तुझं विमान साडेनऊला. माझं धावणं सातला," त्या म्हणाल्या. टेबलावर माझ्यासाठी दोन अंडी काढून ठेवलेली होती. मला जवळ घेतलं, पाठीवर दोनदा थोपटलं, चमच्यासारखं, आणि गेल्या.

सबनीस काकू मला विमानतळावर सोडायला आल्या होत्या. गाडी पुलावर आली तेव्हा मी खिडकीतून खाली बघितलं. नदीकाठच्या वाटेवर लाल जॅकेट दिसलं. बाक अजून थोडा पुढे होता. मी म्हणाले, "काकू, जरा हळू," आणि काकूंनी कारण न विचारता गाडी हळू केली.

जॅकेट बाकापाशी आलं. बाक मागे पडला. पुढे झाडं दाट होती, आणि आमचा पूल संपत आला होता. त्या कुठे थांबल्या ते मला दिसलं नाही.